लिमयेबाईंची रेषा

लिमयेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका प्रमुख पाहुण्यांना रागावत होत्या. आवाज चढलेला नव्हता. पण त्या जे बोलत होत्या त्याला दुसरा शब्द नाही.

प्रसंग साधा होता. कसबा पेठेतल्या मुलींच्या शाळेमागे एक लांबट पत्र्याचं शेड आहे. बरीच वर्षं बंद पडलेली तिथली एअर रायफलची रेंज पुन्हा सुरू होत होती. पाहुण्यांनी नारळ फोडला आणि आमच्या छायाचित्रकारासाठी रायफल हातात घेऊन उभे राहिले. तेवढ्यात मागून एक बुटक्या, सडसडीत बाई पुढे आल्या. सुती साडी, त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"साहेब, बोट."

"काय?"

"बोट चापावरून बाहेर घ्या."

"अहो बाई, रिकामीच आहे ना ही?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बोट सरळ केलं आणि फोटो होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात तो छापून आला तेव्हा कचेरीत कोणीतरी विचारलं, "हे कोणाला रस्ता दाखवतायत?"

मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात शाळा आणि महापालिका पाहत असे. संगणक कंपन्या हिंजवडीत स्थिरावल्या होत्या आणि पेठांमधली मुलं त्यांच्या बसची वाट पाहत सकाळी चौकाचौकांत उभी राहत होती. पुण्यात रोज काहीतरी नवं सुरू होई आणि त्याची बातमी करायची असे. रायफल रेंज ही त्यातली एक. बातमी चार ओळींची झाली. बाईंकडे मात्र मी पुढे जात राहिलो.

बाईंनी त्या शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला होता आणि त्याच्या जोडीने एनसीसी सांभाळली होती. निवृत्त झाल्यावर शाळेने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. त्यांनी शेडची किल्ली मागून घेतली. किल्ली मिळायला काही वर्षं गेली. मिळाली त्या दिवशी बाईंनी एकच गोष्ट केली. शेडच्या फरशीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, फक्कीची एक पांढरी रेषा ओढली. पुढे प्रत्येक रविवारी वर्ग सुरू होण्याआधी त्या ती स्वतःच्या हाताने नव्याने ओढत. रेषेच्या अलीकडे चटया, पलीकडे दहा मीटरवर निशाणाचे कागद. मधल्या जागेत आज्ञेशिवाय पाऊल टाकायचं नाही.

"ही रेषा शाळेची नाही, संस्थेची नाही, माझीही नाही," त्या नव्या लोकांना सांगत. "आज जो आज्ञा देतोय त्याची आहे. उद्या तुम्ही आज्ञा द्याल तर तुमची."

बाई सगळ्यांना एका मापाने बोलत. संगणक कंपनीतला एक मुलगा, अमेय, पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅम, बेसिकली हे सगळं ट्रिगर कंट्रोलच ना?"

"बेसिकली बसा," बाई म्हणाल्या. तो बसला. पुढे तो दर रविवारी येऊ लागला आणि मॅम म्हणायचं मात्र त्याने सोडलं नाही.

नेम या शब्दावर त्यांचं फार प्रेम होतं. मराठीत निशाण साधण्यालाही नेम म्हणतात आणि रोज न चुकता पाळायच्या व्रतालाही नेमच. "नेम धरायचा असेल तर आधी नेम पाळायला शिका," असं त्या म्हणत, आणि हे सुभाषित झालं की काय अशा शंकेने लगेच विषय बदलत.

आज्ञांच्या शब्दांवर त्यांनी जितका विचार केला होता तितका आम्ही मथळ्यांवर करत नव्हतो. पूर्वी तिथे "भरा" आणि "मारा" अशा आज्ञा होत्या. बाईंनी "मारा" काढून टाकलं. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा. पत्र्याच्या शेडमध्ये, बाजूच्या तांबट आळीतली ठोकाठोक चालू असताना, एकाच्या जागी दुसरा ऐकू येऊ शकतो. "या गावात एका अक्षराच्या फरकाने पेशव्याचा खून झालाय. ध चा मा," त्या म्हणाल्या. "इथून शनिवारवाडा किती लांब आहे? मग?" तेव्हापासून आज्ञा चारच राहिल्या: भरा, सुरू, थांबा, उठा. कोणताही शब्द दुसऱ्यासारखा ऐकू येत नव्हता. "उठा" ऐकल्याशिवाय चटई सोडायची नाही.

आणि एक नियम होता. ज्याची गोळी आज्ञेशिवाय सुटेल तो नवशिका. मग त्याने कितीही पदकं मिळवलेली असोत, त्याने शेवटच्या चटईवर जायचं आणि रिकामी रायफल कशी धरतात इथपासून सुरुवात करायची. राज्य पातळीवर खेळलेल्या एका मुलीवर ती वेळ आली होती. तिच्या आई शेडमध्ये येऊन भांडल्या. "माझ्या मुलीला तुम्ही पहिलीत बसवलंत," त्या म्हणाल्या. बाईंनी शांतपणे विचारलं, "पहिलीत काय शिकवतात ते वाईट असतं का?" मुलगी परत आली नाही. नियम राहिला.

*

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून आलेल्या आया तेव्हा कसब्यात कमी नव्हत्या. त्या येताना बदाम आणि शॅम्पू आणत आणि तिथल्या रस्त्यांबद्दल सांगत. लिमयेबाई बोस्टनजवळच्या एका गावातून परत आल्या त्या एक कल्पना घेऊन.

लेकीच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. बाळ झोपलं की बाई अंगणात बसून वाचत. त्यांच्या हातात तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाचं पुस्तक पाहून ते बोलायला आले. त्यांनीच बाईंना एका शनिवार-रविवारच्या वर्गाला नेलं. तिथे दोन दिवस रायफल शिकवत आणि मधल्या विश्रांतीत इतिहास सांगत: एप्रिलमधल्या एका पहाटे इंग्रज शिपाई शस्त्रांचा साठा ताब्यात घ्यायला निघाले, ते कळल्यावर आसपासच्या खेड्यांतली माणसं आपापल्या बंदुका घेऊन कशी बाहेर पडली, आणि एका लहानशा पुलाशी काय घडलं. बाई चटईवर पालथ्या पडून ऐकत होत्या. त्यांच्या कागदाभोवती नंतर बरीच गर्दी जमली होती, असं त्यांच्या लेकीने मला सांगितलं. बाईंनी स्वतः कधी सांगितलं नाही.

बाईंनी जे सांगितलं ते वेगळं होतं. "खुर्चीत बसलेल्या मुलींना मी तीस वर्षं इतिहास सांगितला. इथे माणसं जमिनीवर आडवी होती, कोपरं सोलवटलेली, दमलेली. दमलेला माणूस खोटं लवकर ओळखतो. इतिहास तेव्हा सांगावा."

असा वर्ग पुण्यात घ्यायचा, आणि तोही अमेरिकेच्याच इतिहासाचा, हे त्यांनी ठरवलं तेव्हा शाळेच्या संस्थेचे सचिव देवधर यांनी स्वाभाविक प्रश्न विचारला. देवधर स्वच्छ कपड्यांचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते.

"बाई, आपल्याकडे काय इतिहासाची टंचाई आहे?"

"नाही. आपल्या इतिहासाबद्दल लोकांची मतं तयार आहेत. मत तयार असलं की कान बंद होतात."

"पण अमेरिका कशाला?"

"त्यांनी समुद्रात चहा बुडवला ना, तो कोणाचा होता?"

"इंग्रजांचा."

"कंपनीचा. आपल्याच त्या कंपनीचा, जिने पुढे शनिवारवाड्यावर निशाण लावलं. चहा बुडवला त्याच वर्षी इथे पेशव्याचा खून झाला. आणि ज्या वसंतात ते शेतकरी पुलावर उभे राहिले, त्याच वसंतात आपल्या एका पेशव्याने गादीसाठी इंग्रजांशी करार केला. त्यांनी इंग्रजांवर बंदुका रोखल्या, आपल्याकडच्यांनी त्या भाड्याने मागितल्या. हे एकत्र सांगायचंय मला."

देवधर म्हणाले, "चहावर कर लावला म्हणून चहा सोडणं आपल्या लोकांना पटणार नाही हो."

"कराचं पटेल. चहाचं नाही पटणार," बाई म्हणाल्या.

परवानगी मिळाली, पण अटीसह. संस्थेला त्या शेडमध्ये संगणकवर्ग चालवायचा होता. एक खासगी क्लासवाले भाडं द्यायला तयार होते. देवधरांनी सरळ सांगितलं: दोन दिवसांचा वर्ग व्यवस्थित पार पडला तर रेंज राहील, मी मंडळाला तसं सुचवेन. एक जरी वेडंवाकडं घडलं तर शेड संगणकांना. बाईंनी अट मान्य केली. शेड गेलं तर पेठेत दहा मीटरची सरळ मोकळी जागा दुसरी मिळणार नाही, हे त्यांना आणि आम्हाला ठाऊक होतं. रेषा ओढायला त्यांना पुन्हा कुठली फरशी मिळणार नव्हती.

*

वर्ग दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी ठरला. दसरा शुक्रवारी येत होता.

तयारी गणपती उठल्यापासून सुरू झाली. चटयांखाली घालायला जुन्या गोधड्या आल्या. नेम धरताना रायफल स्थिर राहावी म्हणून दंडाला अडकवायचे पट्टे बाईंनी बोहरी आळीतल्या एका बॅगवाल्याकडून शिवून घेतले. तो पहिल्यांदा शाळेच्या दप्तराचे पट्टे समजला आणि त्याने दोन-दोनच्या जोड्या केल्या. मग त्या जोड्या उसवल्या. मागच्या भिंतीला जाड पत्रा आणि त्यापुढे सतरंज्या टांगल्या. इतिहास बाई गच्चीवर मोठ्याने म्हणून पाहत. श्रोते एकच, त्यांचे यजमान. लिमये अप्पा बँकेतून निवृत्त झालेले, देवधर्म मनापासून करणारे, बायकोच्या बंदुकांकडे पाहुण्यांच्या मुलांकडे पाहावं तसं लांबून आणि प्रेमाने पाहणारे.

"अगं, तो रात्री घोड्यावरून निरोप देत गेलेला माणूस, तो कोण होता म्हणालीस?"

"चांदीकाम करायचा."

"म्हणजे सोनार. मग तसं सांग ना. सोन्या मारुती चौकातला एखादा सोनार रात्री स्कूटर काढून हडपसरपर्यंत दारं वाजवत गेला. कळेल लोकांना."

बाईंनी ते घेतलं. अप्पांचं त्यांनी घेतलेलं मी तेवढंच पाहिलं.

तिथल्या वर्गात जे सांगितलं गेलं नव्हतं तेही बाईंनी शोधून जोडलं होतं. स्वातंत्र्यासाठी त्या पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांत एक गुलामही होता आणि तो जखमी झाला, हे त्यांनी गच्चीवर म्हणून दाखवलं तेव्हा अप्पांनी विचारलं, "मग त्याला मिळालं का स्वातंत्र्य?" बाई म्हणाल्या, "हाच प्रश्न लोकांनी विचारावा म्हणून सांगतेय. विचारला नाही तर मी गप्प बसणार."

मदतीला त्यांनी रविवारच्या वर्गातले सहा जण निवडले होते. त्यांत अमेय होता आणि दीपाली वानखडे होती. दीपाली अकोल्याकडची, एका संगणक कंपनीत नोकरीला, बिबवेवाडीत तीन मैत्रिणींबरोबर राहणारी. शेडमध्ये ती सगळ्यांत कमी बोलत असे. ऑफिसात तिच्या बोलण्याची नक्कल होते हे मला अमेयकडून कळलं. बाई तिला अधूनमधून आज्ञा द्यायला उभी करू पाहत आणि ती दरवेळी म्हणे, "मले नाही जमत बाई. तुम्हीच सांगा."

आज्ञा बाईच देणार होत्या. त्या दोन दिवसांसाठीच जणू सगळं आयुष्य तयारी चालली होती, असं त्यांच्याकडे पाहून वाटे.

*

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. अप्पांनी ती शेडमध्ये केली. पाटावर रेंजच्या आठही रायफली ओळीने ठेवल्या, गंध लावलं, अक्षता वाहिल्या, आणि बाईंच्या जुन्या रायफलीची नळी आणि दस्ता यांच्या सांध्याभोवती झेंडूचा एक घट्ट हार बांधला. दसऱ्यापर्यंत पूजेतलं काही हलवायचं नाही, म्हणून रायफली तशाच राहिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी रंगीत तालीम होती. सहा मदतनीस, आपट्याची पानं द्यायला आलेले देवधर, कोपऱ्यात अप्पा, आणि बातमीसाठी मी. एकमेकांना सोनं दिलं. बाईंनी रेषा ओढली. चाप कसा हळूहळू दाबायचा ते दाखवण्यासाठी त्यांनी पाटावरची आपली रायफल उचलली. हार तसाच होता. त्या उभ्या राहिल्या, निशाणाकडे तोंड केलं, गाल दस्त्याला टेकवला.

"श्वास सोडा. अर्धा राहू द्या. आणि बोटाला घाई नको."

फट्कन आवाज झाला.

पलीकडच्या कागदावर, मधल्या काळ्या वर्तुळाच्या अगदी मध्यात, एक भोक दिसत होतं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. उभ्याने, चष्मा न सारखा करता, बोलता बोलता मारलेला तो छर्रा दहा गुणांच्या वर्तुळात लागला होता. अमेय म्हणाला, "मॅम, सुपर्ब. हे उद्या ओपनिंगलाच करा." देवधर हसून मान डोलवत होते.

बाईंनी रायफल खाली केली. नळी निशाणाकडेच होती.

"टाळ्या थांबवा," त्या म्हणाल्या. "माझ्या समजुतीप्रमाणे ही रिकामी होती."

टाळ्या थांबल्या. मग कोपऱ्यातून अप्पांचा आवाज आला.

"अगं, रिकामी कशी असेल? मी घातला होता ना एक."

"काय घातलात?"

"छर्रा. पूजेच्या वेळी." अप्पा उठून उभे राहिले. "कलशात पाणी घालतो, समईत तेल घालतो. ओटीसुद्धा रिकामी भरत नाही आपण. रिकामं शस्त्र कसं पुजायचं? म्हणून तुझ्या एकट्या रायफलीत एक घातला. तू करतेस तशी नळी वाकवली आणि घातला."

त्या रायफलींमध्ये छर्रा घालायला नळी वाकवावी लागते, आणि नळी पूर्ण वाकवली की आतली स्प्रिंग आपोआप चढते. त्यामुळे ती रायफल आदल्या दिवसापासून फुलं आणि अक्षता अंगावर घेऊन सज्ज पडली होती.

"आणि तू दरवेळी उघडून बघतेस ना?" अप्पा म्हणाले. आरोप नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"बघते. आज नाही बघितलं. उघडली असती तर तुमचा हार तुटला असता."

मला वाटतं, त्या संध्याकाळी बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं असेल तर ते या वाक्यानंतर. क्षणभर. मग त्यांनी हार सोडवला, नळी वाकवून आत पाहिलं आणि रायफल पाटावर ठेवली.

अप्पा म्हणाले, "म्हणजे चूक माझी."

"अहो, छर्रा तुमचा. चाप मी ओढला."

देवधर पुढे आले. हातात अजून आपट्याची पानं होती. "बाई, हे बघा. आम्ही काय पाहिलं? तुम्ही नेम धरलात आणि दहात मारलात. कोणाला काही झालेलं नाही. माझ्या दृष्टीने विषय संपला."

"तुम्ही जे पाहिलंत ते घडलं नाही."

"अट मी घातली होती. मीच म्हणतोय, सोडून द्या."

"अट तुमची आहे, ती तुम्ही सोडू शकता. नियम माझा आहे." बाईंनी आज्ञा देणाऱ्याची शिट्टी गळ्यातून काढली. "उद्यापासून मी शेवटच्या चटईवर."

"मग आज्ञा कोण देणार?" अमेयने विचारलं.

बाई दीपालीकडे पाहत होत्या. दीपालीने आधी मान हलवली, मग मागे सरकली.

"बाई, नका नं. माझं बोलणं ऐकून हसतात लोक."

"हसू देत. हसताना रायफल हलते. नुकसान त्यांचं."

शिट्टी दीपालीच्या हातात आली. देवधरांनी दारात थांबून म्हटलं, "मला मंडळाला कळवावं लागेल, बाई. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, आता मला गप्प बसता येत नाही."

"कळवा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कळवावं म्हणूनच बोलले."

"ही रिकामी होती" या एका वाक्याने शेड जाणार हे तिथल्या प्रत्येकाला समजलं होतं. तो छर्रा त्यांनी आपला म्हणून ठेवून घेतला असता तर पुण्यात एकालाही शंका आली नसती. मी अनेक वर्षं माणसांना चुका नाकारताना ऐकत आलो होतो. तो माझ्या धंद्याचा भाग होता. वाजलेल्या टाळ्या परत करणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

शनिवारी सकाळी शेड भरलं. बहुतेक लोक संगणक कंपन्यांतले, काही कॉलेजचे, एक दंतवैद्य जोडपं. बाई सलवार-कमीजमध्ये आल्या. त्यांनी फक्कीचा डबा दीपालीसमोर ठेवला. दीपालीने रेषा ओढली. जराशी वाकडी आली. बाईंनी ती पाहिली आणि काही न बोलता शेवटच्या चटईवर जाऊन पालथ्या पडल्या. शेजारी एक पोरसवदा इंजिनिअर होता. त्याला रायफल कशी धरायची ते अमेयने दाखवलं, आणि मग बाईंनाही दाखवलं. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

इतिहास मात्र त्यांनीच सांगितला. नियम रेषेपुरता होता. लोक चटयांवरच होते, बाई आपल्या चटईवर मांडी घालून बसलेल्या. सोनार आणि त्याची स्कूटर यांवर हशा झाला. पुढे शांतता होत गेली.

"पहाटे गावाच्या मैदानात दोन रांगा समोरासमोर उभ्या होत्या," बाई म्हणाल्या. "झाडा असं कोणीही म्हटलं नव्हतं. तरी एक गोळी सुटली. त्यानंतर सगळं सुरू झालं. ती कोणी झाडली हे आजपर्यंत ठरलेलं नाही. दोन्ही बाजूंनी शपथेवर सांगितलं, आम्ही नाही."

"मग पुस्तकात काय लिहायचं?" कोणीतरी विचारलं.

"माहीत नाही, असं लिहायचं. इतिहासात ते लिहायला लाज वाटू नये. पण ज्याला माहीत आहे त्याने ते लिहू नये." त्यांनी भिंतीकडे हात केला. दहात भोक पडलेला कागद तिथे टाचला होता. "ही गोळी काल याच शेडमध्ये आज्ञेशिवाय सुटली. ती मी झाडली. म्हणून मी या चटईवर आहे, आणि आज्ञा दीपाली देतेय."

एवढं सांगून त्या पुलाच्या गोष्टीकडे वळल्या. गुलामाबद्दलचा प्रश्न दुपारी दंतवैद्य बाईंनी विचारला. लिमयेबाई खूष झालेल्या दिसल्या.

दीपालीची पहिल्या दिवशीची मराठी कागदावरची होती. प्रत्येक शब्द धुऊन, घडी घालून ठेवल्यासारखा. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हता. रविवारी सकाळी "सुरू" झाल्यावर एकाची छर्ऱ्यांची डबी रेषेपलीकडे घरंगळली आणि तो ती घ्यायला सरळ पुढे वाकला.

"ए भाऊ! मांगं सर! काऊन जाऊन रायला समोर? थांबा सगळे!"

सगळी रेषा थिजली. कोणाचंही बोट चापावर नव्हतं. कोणी हसलं नाही. दीपालीचा चेहरा लाल झाला होता. शेवटच्या चटईवरून, निशाणावरची नजर न काढता, बाई म्हणाल्या, "आज्ञा अशी असते."

त्यानंतर दीपाली दिवसभर आपल्या भाषेत बोलली.

शेड पुढच्या वर्षी संगणकवर्गाला गेलं. देवधरांनी बाईंच्या बाजूने बोलून पाहिलं, असं मला मंडळातल्या एकाने सांगितलं. पण अट त्यांचीच होती. रेंज शहराबाहेर मांजरी गावाला गेली, उसाच्या कडेला एका शिष्याच्या काकांच्या गोदामात. तिथे दर रविवारी दीपाली रेषा ओढते. बाई आणि अप्पा वर्गानंतर लगेचच अमेरिकेला लेकीकडे गेले आणि तिथेच राहिले. मी त्यांना नंतर पाहिलं नाही. म्हणून माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्या रविवारच्या दुपारचं आहे.

शेवटची फेरी संपली होती. दीपालीने "थांबा" म्हटलं, सगळ्या रायफली उघडून तपासल्या गेल्या. तेवढ्यात अप्पा चहाची किटली घेऊन दारात आले आणि ओळ फुटली. लोक उठले, कोपरं चोळत, कागद नाचवत, एकमेकांना भोकं दाखवत. अमेय दीपालीला काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. मी चहा घेतला. बऱ्याच वेळाने माझं लक्ष गेलं.

शेवटच्या चटईवर बाई तशाच पालथ्या होत्या. शेजारी उघडी रायफल, हात पुढे, नजर समोर. लोक त्यांच्या पायांना वळसा घालून चहाकडे जात होते.

दीपालीनेही पाहिलं. कप ठेवून ती धावत आली.

"बाई, काय झालं? उठा नं."

"मला नाही. रेषेला सांग," बाई म्हणाल्या.

दीपालीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "थांबा" म्हटल्यानंतर ती "उठा" म्हणायला विसरली होती. ती परत आपल्या जागी गेली आणि ताठ उभी राहिली. तिच्या समोर रिकाम्या चटयांची रांग होती आणि अगदी टोकाला एक म्हातारी बाई. शेडमधलं बोलणं आपोआप थांबलं.

"रेषा, उठा."

बाईंनी आधी एक गुडघा जवळ घेतला, मग दुसरा. कोणी हात द्यायला पुढे गेलं नाही. फरशीवर तळवा टेकून, सावकाश, लिमयेबाई उठल्या.